बिल्ड टूल निवडताना : कृती सांगायची, की काय हवं ते सांगायचं?

(या भागाचा लिखित उतारा. बोलण्यातलं 'अं', 'म्हणजे बघा' जरा कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.)

औशातून बोलतोय. मागचे काही दिवस मेसेजमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतोय. कुणी विचारतंय, "दादा, ॲपसाठी ग्रॅडल शिकू का?" कुणी म्हणतंय, "मी सगळं एका शेल स्क्रिप्टमध्ये टाकलंय, चालतंय की, मग बदलू कशाला?" आणि एका बीसीएच्या मुलीने सरळ विचारलं, "प्रोसिजरल आणि डिक्लरेटिव्ह बिल्ड टूल यात नक्की निवडायचं काय बघून?"

आज फक्त या प्रश्नावर बोलू. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना बस पकडायचीय ते मोकळे. आपलं काम चारचौघांसारखं असेल तर डिक्लरेटिव्ह घ्या. जगावेगळं असेल तर तेवढा वेगळा तुकडा प्रोसिजरल ठेवा, पण छोटा आणि एका ठिकाणी. आणि निवड करताना एक गोष्ट डोक्यात ठेवा : तुम्ही इथे नसताना हे कोण चालवणार?

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू आहे. लातूर असो, नांदेड असो, शिकलेला पोरगा पुण्याला जातो. जाताना लॅपटॉप घेऊन जातो. त्या लॅपटॉपवर क्लासचं ॲप असतं, दुकानाचं बिलिंग असतं, गावच्या ग्रुपसाठी केलेलं काहीतरी असतं. कोड गिटहबवर असतो बरं का. पण त्या कोडपासून ॲप तयार कसं करायचं, हे फक्त त्याच्या डोक्यात असतं. मग कुणीतरी त्याला रात्री फोन करतं, "काय करलालास रे? ते ॲप परत बनवायचं होतं." आणि तो तिकडे कंपनीच्या शिफ्टमध्ये. कोड शाबूत असूनही ॲप मेलं, असं मी दोन-तीनदा जवळून बघितलंय.

बिल्ड म्हणजे काय होतं?

अँड्रॉइडचंच उदाहरण घेऊ. तुम्ही कोटलिनमध्ये कोड लिहिता. फोनला कोटलिन कळत नाही. आधी त्याचा बाइटकोड होतो, मग बाइटकोडचा डेक्स होतो, कारण फोनवर डेक्स चालतं. तिकडे चित्रं, रंग, मराठी-इंग्रजी मजकूर हे सगळं वेगळं गोळा होतं. दुसऱ्यांच्या ज्या लायब्ररी वापरल्या त्या इंटरनेटवरून येतात. मग सगळं एका एपीकेमध्ये बांधलं जातं आणि शेवटी त्यावर तुमची डिजिटल सही होते. सही नसेल तर फोन ते इन्स्टॉलच करत नाही.

ही सगळी कामं करून घेणारं ते बिल्ड टूल. आता प्रश्न एवढाच की त्याला सांगायचं कसं.

उजनीची बासुंदी

आपल्या औसा तालुक्यातल्या उजनीची बासुंदी बहुतेकांनी खाल्ली असेल. ती मिळवायचे दोन मार्ग. एक, घरी करायची. म्हणजे दूध तापव, मंद आचेवर ठेव, हलवत राहा, साय मोडू नको, आटलं की साखर घाल. ही झाली कृती. पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन. सांगणाऱ्याने क्रम ठरवलाय. हे प्रोसिजरल.

दुसरा मार्ग, हॉटेलात बसायचं आणि म्हणायचं, "दोन प्लेट बासुंदी." दूध कधी तापवलं, कुठल्या कढईत, हे तुम्ही सांगत नाही. आधीची तयार असेल तर तीच येते, संपली असेल तर नवीन होते. तुम्ही फक्त काय हवं ते सांगितलं. हे डिक्लरेटिव्ह.

दुसऱ्या मार्गाला एक अट आहे. आतमध्ये आचारी पाहिजे, आणि त्याला बासुंदी येत पाहिजे. उद्या तुम्ही म्हणालात, "बासुंदीत ज्वारीच्या लाह्या घालून, अर्धी गोठवून द्या," तर तो तुमच्याकडे बघत राहणार. तेव्हा तुम्हालाच आत जाऊन कृती सांगावी लागते. बिल्ड टूलचं अगदी असंच आहे. डिक्लरेटिव्ह टूलमध्ये कृती गायब होत नाही, ती दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असते.

मेक : दोन्हीचं मिश्रण

१९७६ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं टूल लिहिलं. त्यामागची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ वाया गेली. प्रोग्रॅममधली चूक त्याने दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. त्यामुळे तो बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसला. त्यावर उपाय म्हणून मेक जन्माला आलं. पुढे २००३ मध्ये या कामासाठी फेल्डमन यांना एसीएमचं सॉफ्टवेअर सिस्टिम ॲवॉर्ड मिळालं. आज जवळपास ५० वर्षांनंतरही मेक रोज वापरात आहे.

मेकफाइलमधल्या एका नियमाचे दोन भाग असतात. वरची ओळ सांगते : ही फाइल त्या फाइलींवर अवलंबून आहे. खालची ओळ सांगते : ती बनवायची तर ही कमांड चालव. म्हणजे वरचा भाग डिक्लरेटिव्ह, खालचा प्रोसिजरल. कुठला नियम आधी चालवायचा हे मेक स्वतः शोधतं.

याचा फायदा बघा. समजा, औशाच्या मोंढ्यातले सोयाबीनचे भाव दाखवणारं छोटं ॲप तुम्ही करताय. भावाची फाइल रोज बदलते. कोड महिन्यातून एकदा बदलतो. चित्रं तर वर्षभर तीच. साध्या शेल स्क्रिप्टमध्ये तुम्ही लिहिलं, 'जुनं सगळं पुस, कोड कंपाइल कर, चित्रं लहान कर, भाव भर, पॅक कर,' तर भाव एक रुपयाने बदलला तरी सगळं पहिल्यापासून होणार. मेकला अवलंबून कोण कुणावर आहे हे माहीत असल्यामुळे ते म्हणतं, कोड तसाच, चित्रं तशीच, फक्त भावाचा तुकडा आणि पॅकिंग करू. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर हा फरक दहा सेकंद आणि चहा पिऊन येणं एवढा असू शकतो. त्यात लाइट गेली की अर्धवट राहिलेलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, हा वेगळा फायदा.

दोन खाचखळगे लक्षात ठेवा. पहिला, मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅब लागतो, स्पेस चालत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, पण एरर येते. ही अडचण फेल्डमन यांच्याही लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, त्यांचं बिघडू नये म्हणून त्यांनी बदल केला नाही! दुसरा, मेक फाइलींची वेळ बघून ठरवतं की काय जुनं झालं. तुमच्या जुन्या पीसीचा सीमॉस सेल संपला असेल आणि घड्याळ दर वेळी मागच्या तारखेला जात असेल, तर मेकचा हिशेब चुकतो. 'क्लॉक स्क्यू' असा इशारा दिसला तर आधी घड्याळ बघा.

ॲन्ट, मेव्हन, ग्रॅडल

पुढे जावाचा जमाना आला. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी टॉमकॅट हा सर्व्हर बिल्ड करण्यासाठी 'ॲन्ट' लिहिलं, ते २००० मध्ये स्वतंत्र टूल म्हणून आलं. ते एक्सएमएलमध्ये लिहायचं. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. एक्सएमएल दिसलं की लोकांना वाटतं हे डिक्लरेटिव्ह. पण ॲन्टमध्ये प्रत्येक टार्गेटच्या आत तुम्ही पायऱ्याच लिहिता : फोल्डर कर, कंपाइल कर, कॉपी कर, जार बांध. कंसांचा पोशाख घातलेली कृतीच ती. म्हणून फाइल कुठल्या भाषेत लिहिलीय यावरून ठरवू नका. त्यात क्रम तुम्ही ठरवलाय की टूलने, ते बघा.

मग 'मेव्हन' आलं. त्याचं पहिलं पूर्ण व्हर्जन २००४ चं. त्याने सांगितलं, कोड अमुक फोल्डरमध्ये ठेवा, टेस्ट तमुक फोल्डरमध्ये, मला फक्त प्रोजेक्टचं नाव, व्हर्जन आणि लागणाऱ्या लायब्ररी सांगा, बाकी मी बघतो. हे खरं डिक्लरेटिव्ह. जगातलं कुठलंही मेव्हन प्रोजेक्ट उघडा, मांडणी तीच. त्यामुळे नवीन माणूस पहिल्याच दिवशी कामाला लागतो. तक्रारही तीच : मांडणी मोडायची म्हटलं की मेव्हन हट्टाला पेटतं.

'ग्रॅडल' मधे उभं राहिलं. वरून डिक्लरेटिव्ह दिसतं, पण फाइल खरोखरच्या प्रोग्रॅमिंग भाषेत असते, आधी ग्रूव्ही आणि आता कोटलिनही. म्हणजे हवं तिथे 'इफ' आणि 'लूप' टाकता येतात. २०१३ मध्ये गुगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला तो ग्रॅडल घेऊनच. म्हणून आज अँड्रॉइड शिकणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात ते पडतं.

इफ-लूपची ही मोकळीक धोक्याचीही आहे. बिल्ड फाइलमध्ये हळूहळू प्रोग्रॅम जमा होतो. 'सोमवारी बिल्ड केलं तर हे, माझ्या मशीनवर असेल तर ते.' सहा महिन्यांनी ती फाइल वाचून काय बनणार हे सांगता येत नाही, चालवूनच बघावं लागतं. म्हणूनच ग्रॅडलवाले स्वतः सांगतात की बिल्ड फाइल शक्य तेवढी डिक्लरेटिव्ह ठेवा आणि खास लॉजिक वेगळ्या प्लगइनमध्ये न्या. २०२३ मध्ये त्यांनी 'डिक्लरेटिव्ह ग्रॅडल' नावाचा प्रयोगही सुरू केला.

तुमच्या खिशातला पुरावा

तुम्ही हे ज्या अँड्रॉइड फोनवर ऐकताय, त्याच्या आतलं अँड्रॉइडही याच वाटेने गेलंय. अँड्रॉइड ७.० च्या आधी अख्खी सिस्टिम मेकवर बिल्ड व्हायची. मेकमध्येही अटी आणि फंक्शन असतात, आणि एवढ्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये त्या फाइली हळू आणि चुकायला सोप्या झाल्या, त्यांची चाचणी घेणंही अवघड झालं. मग गुगलने 'सूंग' नावाची व्यवस्था आणली. तिच्या ब्लूप्रिंट फाइलींमध्ये मुद्दाम इफ नाही, लूप नाही. फक्त नाव, सोर्स फाइली, काय काय लागतं, एवढंच. अवघड लॉजिक वेगळं ठेवलंय, गो भाषेत, जिथे त्याची चाचणी घेता येते. आधी सांगितलं तेच : मागणी एका जागी, कृती दुसऱ्या जागी.

आपल्या अक्षरांची गोष्ट

आता मराठीतलं एक उदाहरण. 'लोहित' नावाचे फॉन्ट तुम्ही लिनक्सवर बघितले असतील. मूळ फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. म्हणजे श्री-लिपीवालेच, आपल्याकडच्या कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा. रेड हॅटने ते खुले करून दिले, पुढचं बरंचसं कामही रेड हॅटच्या पुण्यातल्या ऑफिसातून झालं. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांना ओपन फॉन्ट लायसन्स मिळालं.

लोहित देवनागरी बिल्ड करायची कमांड बोलून सांगतो : 'मेक', स्पेस, 'टीटीएफ'. बस. आत मेकफाइल फॉन्टफोर्जची स्क्रिप्ट चालवते, ती सोर्स उघडते आणि फॉन्टची फाइल बाहेर काढते. हा झाला प्रोसिजरल भाग, छोटासा.

पण फॉन्टच्या पोटात दुसरंच काही आहे. तिथे नियम लिहिलेले असतात : क, हलन्त आणि ष एकापुढे एक आले तर त्या जागी 'क्ष' हे एकच चित्र. ओपनटाइप फॉन्टमध्ये असंही सांगता येतं की मजकुराची भाषा मराठी असेल तर ल आणि श मराठी वळणाचे. स्क्रीनवर अक्षर कधी आणि कसं जुळवायचं, याची पायरीवार कृती फॉन्ट बनवणारा लिहीत नाही. तो नियम मांडतो, आणि तुमच्या फोनमधलं अक्षर जुळवणारं इंजिन ते लावतं. म्हणून एकच फॉन्ट फोनवर, लॅपटॉपवर, छपाईत चालतो.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की सोर्स आणि मेकफाइल दोन्ही उघड्यावर एकत्र आहेत. म्हणून फेडोरा, डेबियनचे लोक ते स्वतः बिल्ड करतात. पुण्यातल्या मूळ माणसाला फोन करावा लागत नाही. त्याने नोकरी बदलली तरी अक्षरं उमटत राहतात.

मग निवडायचं कसं?

चार प्रश्न विचारा.

एक : माझं काम किती सर्वसाधारण आहे? नेहमीचं अँड्रॉइड ॲप, नेहमीची वेबसाइट, जावा प्रोजेक्ट असेल तर आचारी आधीच तयार आहे. डिक्लरेटिव्ह घ्या आणि त्याची मांडणी मोडू नका. पण स्कॅन केलेली जुनी पानं सरळ करून त्यांची पीडीएफ बांधायची, असं काहीतरी असेल तर मेक बरं.

दोन : हे किती वेळा चालणार? वर्षातून एकदा, चार पायऱ्या, एकच माणूस, तर शेल स्क्रिप्ट पुरे. त्यासाठी ग्रॅडल लावणं म्हणजे कोपऱ्यावर जायला ट्रॅव्हल्स बुक करणं. रोज चालणार असेल तर अवलंबून कोण कुणावर हे कळणारं टूल हवंच.

तीन : बिघडलं तर मला कळेल का? इथे प्रोसिजरल टूलचं पारडं जड आहे, हे मान्य करायला पाहिजे. स्क्रिप्ट सातव्या ओळीवर थांबली तर सातवी ओळ बघायची. डिक्लरेटिव्ह टूल चुकलं की दोनशे ओळींची एरर येते आणि त्यातली निम्मी दुसऱ्याच्या प्लगइनबद्दल असते. त्यावर सवय लावा : काम न करता फक्त काय करणार ते दाखव, असं टूलला विचारायचं. मेकला 'डॅश एन', ग्रॅडलला 'डॅश एम'. आधी यादी वाचा, मग चालवा.

चार : मशीन आणि डेटा परवडतो का? ग्रॅडल मागे एक प्रक्रिया चालू ठेवतं, ती रॅम खाते. पहिल्या वेळी लायब्ररी भरपूर डाउनलोड होतात. ते काम वायफायवर करून घ्या, नंतर 'डॅश डॅश ऑफलाइन' लावलं की उतरवलेलंच वापरतं.

पुण्याला जाण्याआधी

टूल कुठलंही घ्या, एक परीक्षा घ्या. मित्राच्या मशीनवर कोड नव्याने उतरवा, तुमच्या पेनड्राइव्हमधून काहीही न देता. त्याने एकच कमांड द्यायची. तुम्ही शेजारी गप्प बसायचं. तो जिथे जिथे "आता काय?" विचारेल, ती तुमच्या डोक्यात राहिलेली पायरी आहे. ती बिल्डमध्ये लिहा.

बहुतेक वेळा सापडणाऱ्या गोष्टी सांगतो. डी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो काढा. टूलचं व्हर्जन वेगळं निघतं, म्हणून ग्रॅडल रॅपर कोडसोबत ठेवा, तो ठरलेलंच व्हर्जन आणतो. लायब्ररीपुढे 'जे नवीन असेल ते' असं लिहिलेलं असतं, तिथे नेमका आकडा लिहा.

आणि सहीची की. ती आणि तिचा पासवर्ड कोडमध्ये अजिबात टाकू नका, पण ती एकाच लॅपटॉपवरही ठेवू नका. स्वतःच सांभाळलेली सहीची की हरवली तर त्या ॲपचं पुढचं अपडेट लोकांच्या फोनवर जुन्यावर बसत नाही. प्ले स्टोअरवर नव्या ॲपची मुख्य की गुगलकडे असते आणि अपलोडची की हरवली तर बदलून मागता येते. पण खात्याचा ताबा कुणाकडे आहे, हे क्लासच्या सरांना किंवा दुकानदाराला माहीत पाहिजे.

या आठवड्यात एवढं एकच करा : आपल्या प्रोजेक्टची ती मित्राच्या मशीनवरची परीक्षा घ्या आणि तो किती वेळा अडला तो आकडा मला पाठवा. शून्य आला तर टूल कुठलं वापरलंत तेही सांगा, पुढच्या भागात त्यावर बोलू. चला, भेटू!